बोटाईचा शेंदूर

लालासाहेब साळुंख्यांना घाण सहन होत नाही. लग्नाच्या पंगतीत बसले की आधी ताट उलटं करून बघतात, मग सुलटं करून उपरण्याच्या टोकानं पुसतात, आणि एवढं करून वाढप्याच्या नखांकडं लक्ष गेलं तर भूक नाही म्हणून उठतात. चहाच्या टपरीवर स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन जातात. सैन्यात हवालदार होते, गाड्यांच्या दुरुस्तीत सगळी नोकरी गेली. पण हा स्वभाव नोकरीनं दिलेला नाही. बनुआक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगतात की लग्नाच्या दिवशी हळदीच्या वाटीत माशी पडलेली बघून नवरदेवानं ती वाटी उकिरड्यावर टाकायला लावली होती. गावानं त्यांचं नाव नाकमुरड्या ठेवलंय. त्यांना ते ठाऊक आहे. तोंडावर म्हणतात, "नाक हाय म्हणून मुरडतो. तुमच्यावानी खुंटीला टांगून ठेवलंय व्हय?"

मी त्यांची शेजारीण. कुरणवाडीच्या पलीकडच्या वस्तीवर अंगणवाडी चालवते, म्हणून सगळे मला बाई म्हणतात. आमची वस्ती उंचावर आहे. एका बाजूला कृष्णा, दुसऱ्या बाजूला ओढा. धरणातून पाणी सोडलं आणि नदी चढली की तिचं पाणी ओढ्यात उलटं शिरतं, पूल बुडतो आणि वस्ती तुटते. घरात पाणी येत नाही, म्हणून आम्हाला कुणी पूरग्रस्तही म्हणत नाही. आम्ही फक्त अडकून पडतो.

सुखी माणसाला त्याचं काही वाटत नाही. पण बनुआक्कांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. मंगळवारी आणि शुक्रवारी सांगलीला जाऊन मशीनवर रक्त धुऊन आणावं लागतं, तर त्या पुढची पाळी येईपर्यंत जगणार. गेल्या पावसाळ्यात नेमका सोमवारी पूल बुडाला. मंगळवारची पाळी चुकली. गुरुवारपर्यंत आक्कांचं अंग सुजून टम्म झालं, आडवं पडलं की श्वास कोंडायचा. शेवटी गुऱ्हाळातली काहील ओढ्यात सोडली. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची ती खाटेएवढी लोखंडी कढई. तिच्यात आक्कांना बसवलं आणि पोहणाऱ्यांनी कडा धरून ढकलत पलीकडं नेलं. पाण्यावर फुगलेलं डुक्कर तरंगत होतं. वरच्या गावांचे उकिरडे वाहून आले होते. त्या वासानं आक्का ओकत होत्या आणि सगळं काहिलीच्या कडेला धरून पोहणाऱ्या लालासाहेबांच्या तोंडावर येत होतं. त्यांनी तोंड पुसलं नाही. पुसायला हात सोडावा लागला असता.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर पाणी फुप्फुसात भरलं असतं. पुढच्या वेळी अशी पाळी चुकली तर आमच्या हातात काही राहणार नाही.

मग सांगलीजवळ माधवनगरला खोली घेऊन राहून बघितलं. आक्कांना जिना चढवेना. मुलगा राजवर्धन सैन्यात, लांब सीमेवर. म्हशी दुसऱ्याच्या भरवशावर. महिनाभरात दोघं परत आले. आल्या आल्या लालासाहेब माझ्या दारात उभे राहिले.

"बाई, गावाची ती बोट हाय न्हवं?"

बोट होती. मोठ्या पुरानंतर पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं गावाला दिलेली, प्लास्टिकच्या जातीची, मागं पेट्रोलवर चालणारं मशीन लावायची. फेटे बांधून, फोटो काढून गावानं ती घेतली आणि शाळेमागच्या गोदामात ठेवली. दोन वर्षांनी परत पूर आला तेव्हा मशीन काही केल्या चालू झालं नाही. बोट वल्ह्यांवरच नेली आणि अर्जुनाच्या अडलेल्या बायकोला पलीकडं पोचवलं. बाई वाचली, मूल वाचलं. अर्जुनाची आई नवस फेडायला गोदामात गेली आणि तिनं मशीनला शेंदूर लावला. बोटीला नाही, वल्ह्यांना नाही. जे चाललंच नाही त्याला.

तिथून ते वाढत गेलं. मशीन लाकडी घोड्यावर उभं करून ठेवलेलं असतं. त्याचा खालचा पाय पाण्यात बुडायचा, त्याच्या टोकाला पंखा. तो पाय पुढून गोल, निमुळता. शेंदराचे थर चढले तसं त्याला तोंड आल्यासारखं दिसू लागलं. कुणीतरी दोन्ही बाजूंना पितळेचे डोळे चिकटवले. बोटाई नाव पडलं. खंडेनवमीला सगळं गाव हत्यारं-अवजारं पुजतं, तेव्हा बोटाईला मानाचा नारळ. नारळ तिच्या अंगावर फोडायचा, पाणी तिच्या डोक्यावरून सोडायचं. मशीन चालू करून बघावं असं एकाच्याही मनात आलं नाही. गेल्या वर्षी आक्का अडकल्या तेव्हाही देवीची बोट पाण्यात घालायला कुणी धजावलं नाही.

मी देव मानते. दर गुरुवारी औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला जाते, घरी पोथी वाचते. म्हणूनच मला या प्रकाराची शिसारी यायची. देवापुढं ताट ठेवायचं आणि ते तिथंच नासू द्यायचं, याला मी भक्ती म्हणत नाही.

गोदामाची किल्ली तात्याबाकडं. तात्याबा आमचा उपसरपंच, पांढरे बूट घालणारा.

"न्या की, आबा," तो म्हणाला. "गावाचीच हाय. फकस्त एक. माईच्या अंगाला हात लावायचा न्हाई. शेंदराला धक्का न्हाई."

"मला मशीन पायजे. तुझी माई तुला लखलाभ. शेंदराला हात लावनार न्हाई," लालासाहेब म्हणाले.

गोदाम उघडलं तेव्हा मी सोबत होते. कुलूप निघालं आणि आतून जो वास आला तो सांगू नये असा आहे. पण सांगते, कारण तो आमच्याच गावाचा होता. बोटीत दारूच्या बाटल्या, मटणाची हाडं, पत्त्यांचा फाटका जोड. गावातल्या मोठ्यांची संध्याकाळची बैठक त्या बोटीत भरत होती. बोटीच्या तळाला गुटख्याच्या पिचकाऱ्यांचा लाल थर. अंगात घालून तरंगायची नारिंगी जाकिटं उशाला घेतलेली, तेलकट. एकात कोंबडीनं अंडी घातलेली. आणि कोपऱ्यात बोटाई, हारांच्या सडक्या ढिगात, मुंग्यांच्या रांगा अंगावर घेऊन उभी.

लालासाहेब बाहेर गेले. भिंतीच्या कडेला त्यांना कोरडी उबळ आलेली मी ऐकली. मग त्यांनी पेला खळखळून धुतला, पाणी प्यायले, उपरणं नाकाला गच्च बांधलं आणि आत शिरले.

"बाई, फिनेल आना. हाय तेवढं आना."

घाण काढण्यातच आठवडा गेला. तात्याबा लांब उभा राहून म्हणाला, "आबा, लय त्रास घेताय. दोरी वढली की चालू व्हतंय का बघा की आधी."

"तू चार वर्सं कोमात असतास आनि उठल्या उठल्या तुला पळवला असता, तर पळला असतास?"

मशीनचं वरचं टोपण काढलं. आत उंदरानं घर केलेलं. हाराची सुतं, कापूस, नारळाची शेंडी, सगळं दळून केलेली गादी, आणि त्या गादीत वाळून कोळ झालेली पिल्लं. नारळाचं पाणी वरून जिथं जिथं उतरलं होतं तिथं गंजाचे पापुद्रे. तांदळाच्या अक्षता कुजून काळ्या पडलेल्या. लालासाहेबांनी चिमट्यानं एकेक पिल्लू उचलून कागदावर ठेवलं. चेहरा असा, की कुणी त्यांच्याच ताटात ते वाढलंय.

"ह्याला पूजा म्हंत्यात," ते म्हणाले. "थू."

टाकीतल्या पेट्रोलला पेट्रोल म्हणवत नव्हतं. काकवीसारखं घट्ट, वार्निशसारखा वास. एक जण म्हणाला, द्या ओढ्यात ओतून. लालासाहेबांनी त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं की तो सरळ घरी गेला. ते पेट्रोल त्यांनी डब्यात बंद केलं आणि कुपवाडला नेलं. कुपवाडच्या एका वर्कशॉपात ज्योतिबा म्हणून त्यांच्या ओळखीचा मेस्त्री आहे. पूर्वी कोकणात मच्छीमारांची मशीनं दुरुस्त करायचा. लालासाहेबांना ट्रकचं इंजिन डोळे मिटून खोलता येतं, पण ही जात त्यांना नवी होती आणि ते तसं कबूलही करत होते. कार्बोरेटर ज्योतिबाकडून धुऊन आणला. प्लग नवा. पेट्रोलची नळी हाताळताच बिस्किटासारखी तुटली, म्हणून तीही नवी, हातानं दाबायच्या रबरी फुग्यासकट. प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडून त्यांनी वरचं चाक हातानं हळूहळू फिरवलं. पहिल्यांदा हललंच नाही. रोज जाऊन थोडं तेल, थोडा जोर, असं करत एके दिवशी ते कुरकुरत फिरलं.

खालच्या पायाला मात्र त्यांनी हात लावला नाही. शब्द दिला होता. तिथंच चुकलं.

चालू करून बघायचा दिवस आला तेव्हा गोदामासमोर जत्रा जमली. अर्धा कापलेला प्लास्टिकचा पिंप पाण्यानं भरून त्यात मशीनचा पाय बुडवला, कारण पाण्याशिवाय चालवलं तर ते जळतं, असं ज्योतिबानं बजावलेलं. पाण्यात शेंदराचा लाल तवंग आला. बिडी ओढणाऱ्यांना लालासाहेबांनी रस्त्यापलीकडं हाकललं. दोरी ओढली. परत ओढली. बऱ्याच वेळानं मशीन खोकलं, पांढरा धूर ओकलं आणि एकदम सुरू झालं.

काय तो दंगा! गुलाल उडाला. बायकांनी हात जोडले. तात्याबा फोन उंच धरून ओरडत होता, "बोटाईच्या नावानं चांगभलं!"

लालासाहेब मात्र मशीनच्या मागच्या अंगाला वाकून बघत होते. तिथं एक बारीक भोक असतं. मशीन चाललं की त्यातून पाण्याची धार बाहेर पडली पाहिजे, म्हणजे आतून पाणी फिरतंय आणि मशीन थंड राहतंय असं समजायचं. धार नव्हती. एक थेंबही नाही.

त्यांनी मशीन बंद केलं.

"का वं? चांगलं चाललं हुतं की!" तात्याबा चिडला. त्याचा व्हिडिओ अर्धा राहिला होता.

"चांगलं चालंल. मधी पान्यात जाऊन जाम व्हईल. मग काय, बायकू बोटीत आनि मी काठावर आरती करू?"

ज्योतिबाला फोन लावला. मी शेजारीच होते, त्यामुळं त्याचं बोलणं मलाही ऐकू येत होतं.

"आबा, पानी वढायच्या जाळ्या साफ हायत का?"

"कुठल्या जाळ्या?"

"खालच्या पायाला. पंख्याच्या वर, दोनी बाजूला. बारीक फटी असत्यात बघा."

लालासाहेब पिंपात वाकले. दोन्ही बाजूंना, पंख्याच्या वर, जिथं जाळ्या असायला हव्यात, तिथं शेंदराचा बोटभर थर होता आणि त्यातून पितळेचे दोन डोळे त्यांच्याकडं बघत होते. गावानं मशीनचं नाकतोंडच बुजवलं होतं.

त्यांनी खिशातून चाकू काढला. लगेच कालवा उठला.

"शेंदूर खरवडताय? आबा, शब्द दिलाय तुमी!"

"म्हातारपनी पाप घेऊ नगा!"

"आमचा नवस हाय तिच्यावर!"

लालासाहेबांचा तोल गेला. "कसली माई? घान हाय ही! तेल, कुंकू आनि उंदराचा मूत! तुमच्या देवाला नाक असतं तर पयला तोच पळाला असता हितनं!"

तिथं त्यांचंही चुकलं. अर्जुनाची आई रडायला लागली. दोघं-तिघं अंगावर आले. तात्याबानं मशीन आत नेऊन ठेवलं आणि गोदामाला कुलूप घातलं. जाताना सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाला, "बायकूसाठी देव बाटवायला निघालाय."

मे महिना सरत आला होता. संध्याकाळी मी त्यांच्याकडं गेले तर लालासाहेब ओट्यावर बसून हात धूत होते. साबण लावायचा, धुवायचं, वास घ्यायचा, परत साबण. आक्का आतून म्हणाल्या, "आवं, कातडं जाईल आता. बाईस्नी च्या तरी इचारा." मला म्हणाल्या, "त्या काहिलीत मला परत घालू नगा म्हनावं. त्याच्यापरीस घरात मेल्याली बरी." हसून म्हणाल्या, पण त्या हसण्याकडं बघवेना.

मी रात्रभर विचार केला नाही, नामजप केला. सकाळी उठून अर्जुनाच्या आईकडं गेले. ती दारात शेंगा फोडत होती. माझ्याकडं बघेना.

"मावशी," मी म्हटलं, "गणपती आपण घरी आणतो, प्राणप्रतिष्ठा करतो. मग पाण्यात सोडायच्या आधी काय करतो?"

"उत्तरपूजा."

"ती कशाला?"

"म्हंजी देव आपल्या जागी जातोय. ऱ्हाती ती माती." ती थांबली. शेंगा हातात तशाच. "बोटाईची उत्तरपूजा? आसं कुनी करतंय व्हय?"

"शेंदूर कुणी लावला पहिला?"

"म्याच की."

"मग निरोपही तुम्हीच द्यायचा. तुमची सून त्या बोटीनं वाचली. बनुआक्कांनी कशानं वाचायचं?"

तिनं हातातल्या शेंगा सुपात टाकल्या. मग म्हणाली, "आनि माय जानार कुटं?"

"नदीत. गावाची माय आणखी कोण आहे?"

"त्या नाकमुरड्याला सांगा, तितं बोलायचं न्हाई. एक शबुद न्हाई."

गुरुवारी उत्तरपूजा झाली. गुरव आले, दहीभात झाला, आरती झाली. तात्याबाला कुलूप काढावंच लागलं. अर्जुनाच्या आईपुढं त्याचं काय चालणार. तिनं बोटाईवर अक्षता टाकल्या, मशीन दोन्ही हातांनी जागेवरून जरासं हलवलं आणि डोळे पुसून म्हणाली, "झालं. आता लोखंड हाय ते." पितळेचे डोळे तिनं स्वतः काढले. शेंदराचा पहिला पापुद्राही तिनंच नखानं उचलला. लालासाहेब हात बांधून उभे. एक शब्द नाही.

शेंदराचं कवच निघालं ते थेट ढेकळासारखं. आत थरावर थर: तेल, मेलेल्या माशा, केस, उदबत्तीची राख. ते सगळं आम्ही फडक्यात बांधलं. नदीत सोडायला म्हणून मी निघाले, तेव्हा लालासाहेबांचं तोंड उघडलं आणि मिटलं. मी तो गोळा नदीकाठच्या रानात, झाडाच्या मुळाशी पुरला. कृष्णामाई एवढं समजून घेते. ती सगळ्यांचं काय काय पोटात घेते ते आम्ही काहिलीच्या वेळी बघितलंच होतं.

रविवारी ज्योतिबा कुपवाडहून स्वतः आला. पाय खोलला. आतलं तेल काळं असायचं ते दुधाच्या चहासारखं झालं होतं, म्हणजे पाणी शिरलेलं. पाणी ओढणारी रबरी चक्री हातात घेताच तिच्या पाकळ्या गळून पडल्या. ज्योतिबानं जाळीतून कुंकवाची वात ओढून काढली आणि म्हणाला, "आबा, पुण्य लय साचलंय आत."

"काढ, काढ. समदं काढ. मोक्ष दे त्याला एकदाचा," लालासाहेब म्हणाले. त्या दिवसांत ते पहिल्यांदा हसले.

सील बदलली, तेल भरलं, नवी चक्री बसवली. पिंपात मशीन लावलं आणि मागच्या भोकातून धार लागली. त्या वेळी गुलाल नव्हता, गर्दी नव्हती. लालासाहेबांनी धारेखाली हात धरला, पाणी कोमट आहे का बघितलं आणि तो हात धुतला नाही.

तात्याबाला पुढाऱ्याच्या हातून उद्घाटन करायचं होतं. लालासाहेबांनी ते नाकारलं आणि नदीवर चाचणी घेतली. बोटीत माणसांच्या वजनाएवढी वाळूची पोती. बोटीला लांब दोर, दोराचं टोक काठावरच्या बाभळीला. मशीन बोटीला स्क्रूनं घट्ट, वर आणखी साखळीनं जखडलेलं. वल्ही सोबत. आधी प्रवाहाच्या उलट जायचं. बंद पडलंच तर नदी आपसूक काठाकडं परत आणते. मशीनला एक लाल दोरी असते, ती चालवणाऱ्यानं मनगटाला अडकवायची. माणूस पडला तर दोरी निसटते आणि मशीन बंद पडतं. लालासाहेबांनी ती दोरी मुद्दाम दहादा ओढून बघितली. काठावरचे कंटाळून गेले.

ऑगस्टात पाणी आलं. सोमवारी दुपारी पूल बुडाला आणि मंगळवारी सकाळी आक्कांना घेऊन आम्ही ओढ्याच्या काठावर उभे. वल्ह्यांवर अर्जुना. गेल्या वर्षीचंच पाणी, तोच वास: साखर कारखान्याच्या मळीचा, मेलेल्या जनावरांचा, वाहून आलेल्या गटारांचा. आक्कांनी पदर नाकाला लावला. जाकीट घालताना म्हणाल्या, "धुतलंय न्हवं?"

"दोनदा," लालासाहेब म्हणाले.

तेवढ्यात तात्याबा बोटीत चढला. जाकीट नाही, हातात फोन. "आबा, येवढा एक व्हिडिओ. गावाच्या कामाचा."

"उतर."

"अवं पन..."

"तात्याबा, पाय चिखलात घाल न्हाईतर ओढ्यात. बोटीत न्हाई."

पांढरे बूट चिखलात गेले. मशीन दुसऱ्या ओढीला सुरू झालं. धार लागली. आम्ही निघालो.

ओढ्याच्या मधोमध आल्यावर लालासाहेबांनी मान वळवून मागं बघितलं. धार बारीक झाली होती. मग नुसते थेंब. त्यांनी लगेच मशीन बंद केलं. ते बंद झालं आणि पाण्याचा आवाज एकदम मोठा झाला. आक्कांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार आणि फुगलेला होता.

"काय झालं?" अर्जुना ओरडला.

"वल्ही धर. बोटीचं नाक पान्याच्या वढीकडंच ऱ्हाऊ दे."

त्यांनी मशीन वर उचललं. खालच्या पायाला प्लास्टिकची मोठी पिशवी गुंडाळली होती, फुटलेली, आणि तिच्यातून कोंबडीची कुजलेली आतडी लोंबत होती. कुठल्या तरी दुकानदारानं गाठ मारून पुरात सोडलेली. त्या वासानं अर्जुना, रोज शेण काढणारा माणूस, बाजूला वाकून ओकला. लालासाहेबांनी उपरणं बांधलं नाही. चिमटा शोधला नाही. उघड्या हातांनी ती आतडी ओढून काढली, पिशवीचा तुकडान्‌तुकडा सोडवला, दोन्ही बाजूंच्या जाळ्यांतून बोट फिरवलं, नखानं आतलं कोरून काढलं. कोपरापर्यंत हात बरबटले. आक्का बघत होत्या.

"आवं," त्या म्हणाल्या, "मला काय हुईत न्हाई. तुमी सावकास करा."

"गप बस. मधी बस."

मशीन खाली सोडलं, दोरी ओढली. ते मागच्या भोकाकडं बघत राहिले. थेंब, थेंब, मग धार. तेव्हा कुठं त्यांनी बोटीचं तोंड पलीकडं वळवलं.

पलीकडं जीप तयार होती. मी आक्कांबरोबर सांगलीला गेले. लालासाहेब उतरले नाहीत. दवाखान्यातल्या मशीनवर आक्कांचं रक्त फिरत होतं तेवढा वेळ मी बाहेर बाकावर बसून जप केला. संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही परतलो. आक्कांना भूक लागली होती आणि त्या वाटभर भाकरीचं बोलत होत्या.

ओढ्याकाठी जत्रा होती. पूर बघायला आलेली माणसं, वडापावची गाडी, कणसं, भिजलेले कागद, पिचकाऱ्या. बोटीतून एक चक्कर मारून आणा म्हणून लोक दिवसभर मागं लागले होते. कुणी ओळख सांगत होतं, कुणी पुढाऱ्याचं नाव. लालासाहेब सकाळी जिथं बसले होते तिथंच होते, बोटीत, मशीनजवळ. लाल दोरी मनगटाला. अर्जुना म्हणाला, चहालासुद्धा उतरले नाहीत. उतरले असते तर पोरांनी बोट नेली असती. जाळ्या त्यांनी पुन्हा साफ केल्या होत्या. हात अजून तसेच होते.

मी पिशवीतून साबणाची वडी आणि पाण्याची बाटली काढली. त्यांनी घेतली नाही.

"पैलं पलीकडं जाऊ. उजेड हाय तवर."

आक्का मधोमध बसल्या. जाकिटाचा पट्टा लालासाहेबांनी कोपरानं ओढून बघितला, हात लागू न देता.

"पानी कवा उतरंल?" आक्कांनी विचारलं.

"ठावं न्हाई."

"शुक्कारी परत जायचं हाय."

"मग शुक्कारी सकाळी लवकर उठायचं," ते म्हणाले आणि त्यांनी दोरी ओढली.